कपाटातल्या जोडीला चौपट पैसे द्यावेत का?

पत्र : घर निजल्यावर मी रोज तास-दीड तास गाणं ऐकतो. बहुतेक गायनच, कधी जुनी गाणी. शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते, म्हणून आवाज बेताचा. खोली ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे. समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट आहे, स्पीकर तिथेच ठेवावे लागतील. वडिलांचा ४० वॅटचा जुना अ‍ॅम्प्लिफायर अजून छान चालतो. त्यांच्या ८ इंची वूफरच्या (खालचे सूर काढणारा मोठा पडदा) स्पीकरांच्या कडेच्या फोमचा मात्र भुगा झालाय, ते माळ्यावर पडून आहेत. मी तीन जोड्या हेरल्या आहेत. 'अ' : ४ इंची वूफर, बंद खोका, सगळ्यात स्वस्त. 'ब' : साडेसहा इंची, पोर्ट म्हणजे खोक्याचं हवेचं भोक पुढे, ८७ डेसिबल, ६ ओहम, किंमत 'अ'च्या दीडपट. 'क' : सव्वापाच इंची, पोर्ट मागे, ८४ डेसिबल, ४ ओहम, किंमत 'अ'च्या चौपट. दुकानात 'क' ऐकताना अंगावर काटा आला. पण हे चौपट पैसे आवाजाचे की नावाचे, तेच कळेना. शिवाय माझे कान काही तयार नाहीत. मला फरक कळेल तरी का? आणि वडिलांचे स्पीकर भंगारात द्यावेत का?

उत्तर :

आधी माझा कल सांगून टाकते. तुमची खोली, तुमचं कपाट, तुमचा अ‍ॅम्प्लिफायर आणि रात्रीचं बेताचं ऐकणं, हे सगळं धरलं तर तुमच्यासाठी 'ब' योग्य आहे. 'क' वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण तिचे पैसे वसूल व्हायला जी परिस्थिती लागते ती तुमच्या खोलीत आज नाही, आणि ती उभी करायची तर वर आणखी खर्च आहे. 'अ'लाही मी मोडीत काढणार नाही, तिच्याबद्दल पुढे येतंच.

दुकानात अंगावर काटा आला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तुम्हीच लिहिलेले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. 'ब' ८७ डेसिबल, 'क' ८४. ठरावीक वीज दिली की किती आवाज निघतो, त्याचं हे माप. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं बटण एकाच जागी ठेवून दोन्ही वाजवल्या तर 'क' ३ डेसिबलने हळू वाजायला हवी. एवढा फरक सहज ऐकू येतो. तो भरून काढायला 'क'ला दुप्पट वॅट पुरवावे लागतात. तरीही दुकानात 'क' दबकी वाटली नाही, उलट तीच भरून आली. याचा अर्थ मधे कधीतरी बटण वर गेलं, आणि किती वर गेलं ते कुणीच मोजलं नाही. यात लबाडी असेलच असं नाही, आवाज कमी वाटला की कुणाचाही हात आपसूक बटणाकडे जातो. गंमत अशी की अर्ध्या-एक डेसिबलची वाढ कानाला 'मोठं झालं' अशी कळतच नाही. ती 'जास्त मोकळं', 'जास्त स्पष्ट', 'शब्द उठून आले' अशी कळते. स्पीकरांच्या तुलनेत सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून मी एवढं ताणून सांगतेय.

दुसरी फसगत वरच्या पट्टीतली. काही स्पीकरांचा ट्रेबल मुद्दाम किंचित उचललेला असतो. पहिल्या दहा मिनिटांत तो झळाळून जातो, गायिकेचा श्वास, तबल्याच्या चाटीवरचं बोट, सगळं डोळ्यांसमोर. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशीच एक जोडी दुकानात ऐकून तिथल्या तिथे उचलली होती. पहिले पंधरा दिवस जुन्याच ध्वनिमुद्रणांत नवं काहीतरी सापडत राहिलं. दोन महिन्यांनी लक्षात आलं की पूर्वी मी दोन तास ऐकायचे ते आता अर्ध्या तासात बंद करून उठते. 'स' आणि 'श' आले की कानात टाचणी टोचल्यासारखं व्हायचं. मी आपली रेकॉर्डिंगला दोष देत होते. स्पीकर बदलले आणि त्याच रेकॉर्डिंगला पुन्हा दोन तास बसायला लागले. तुमचं ऐकणं रोजचं आणि सलग आहे, म्हणून दुकानातल्या दहा मिनिटांपेक्षा तुमच्या खोलीतला दुसरा तास महत्त्वाचा.

कानांबद्दलची शंका मात्र काढून टाका. स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी केलेला एक प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआडून. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरांचे गुण वाढले आणि एका छोट्या स्वस्त प्लास्टिकच्या संचाचे गुण घसरले. पडदा ओढला तेव्हा त्याच छोट्या संचाला बरे गुण पडत होते. म्हणजे रोज याच धंद्यात वावरणारी माणसंसुद्धा डोळ्यांनी ऐकत होती. पुढे २००३ मध्ये ऑलिव्ह यांनी २६८ जणांचे निकाल मांडले, त्यात तयार कानाचेही होते आणि अगदी सामान्य श्रोतेही. आवडीनिवडीचा क्रम दोन्हीकडे जवळजवळ सारखाच निघाला. तयार कानाचे श्रोते गुण देताना जास्त कडक होते आणि पुन्हा विचारलं तर तेच सांगत होते, फरक एवढाच. तुम्हाला फरक कळेल. फक्त तो कळण्यासारखी मांडणी करायला हवी.

ती मांडणी घरीच होते. आणून ऐकायची किंवा परत करायची मुभा मिळत असेल तर 'ब' आणि 'क' दोन्ही जोड्या दोन-तीन दिवसांसाठी आणा. 'क'ला अशी मुभा नसेल तर ती घेऊच नका, एवढी मोठी रक्कम आठवणीच्या भरवशावर घालू नये. आवाजाची बारीक आठवण कानात काही सेकंदच टिकते. मंगळवारी एका दुकानात ऐकलेलं आणि शनिवारी दुसरीकडे ऐकलेलं ताडून बघता येत नाही.

प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर बाहेर काढा. हो, एकच. स्टीरिओत दोन स्पीकरांमध्ये तयार होणारा पसारा इतका मोहक असतो की खुद्द स्पीकरचे दोष त्यात झाकले जातात. एकट्या स्पीकरवर ते उघडे पडतात, टूल यांच्या चाचण्यांतही हेच दिसलं. फोनवरून वाजवत असाल तर सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ करून घ्या, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येईल. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला बहुधा मागे स्पीकरचे दोन जोड असतात आणि पुढे 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणं. एका जोडावर 'ब', दुसऱ्यावर 'क'. दोन्ही बटणं एकदम दाबू नका, का ते ओहमच्या मुद्द्यात येईल. दोन्ही स्पीकर कपाटाच्या एकाच खणात शेजारी शेजारी ठेवा, आणि अर्ध्यावर त्यांच्या जागांची अदलाबदल करा, नाहीतर जागेचा गुण स्पीकरच्या नावावर जमा होतो.

आता पातळी जुळवायची. ५०० ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्टीतला पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीची एकसारखी सळसळ, मिळवा. पूर्ण पट्टीचा वापरला तर ज्याचा बास जास्त त्याचा आकडा फुगतो. खुर्चीत तुमचं डोकं जिथे येतं तिथे उशांची थप्पी रचून त्यावर फोन टेकवा आणि आवाज मोजणारं कुठलंही साधं अ‍ॅप चालू करा. अ‍ॅप दाखवतं तो आकडा खरा असेलच असं नाही, पण फोन तोच आणि जागा तीच असली की दोन आकड्यांमधला फरक विश्वासाचा असतो. दोन्ही स्पीकर अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. बटणाच्या भोवती कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने दोन खुणा करा, एक 'ब'ची आणि एक 'क'ची. या दोन खुणांमधलं अंतर तुम्हाला दिसेल तेव्हा दुकानात काय घडलं असेल त्याचाही अंदाज येईल.

मग कपाटासमोर पातळ सुती कापड सोडा, स्पीकर दिसायला नकोत. घरातल्या कुणाला तरी अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसवा. ती व्यक्ती नुसतं 'एक' आणि 'दोन' म्हणेल, त्यातला 'ब' कोण ते सांगणार नाही. तुम्ही कागदावर लिहीत जा.

काय ऐकायचं? पहिली गोष्ट, नुसता तानपुरा. एकसारखा चालू राहतो आणि त्यात खालपासून वरपर्यंत स्वरांश भरलेले असतात, म्हणून परीक्षेला उत्तम. आधी खुर्चीत ऐका. मग उठून हळूहळू डावीकडे, उजवीकडे चाला. चांगल्या स्पीकरचा आवाज बाजूला गेलं की जरा मंद होतो, पण तानपुरा तानपुराच राहतो. सुमार स्पीकरवर चार पावलांत जवारीचा रंग पालटतो, कुठे नाकात बोलल्यासारखा, कुठे डबक्यातून आल्यासारखा. हे का तपासायचं? खोलीत तुम्ही जे ऐकता त्यातला बराच भाग भिंतींवर आपटून येतो, आणि भिंतीकडे जातो तो स्पीकरच्या बाजूचाच आवाज. दुसरी गोष्ट, माणसाचं साधं बोलणं. ज्याचा आवाज तुम्हाला पाठ आहे अशा कुणाचं पाच मिनिटांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा. छातीतून आल्यासारखं बोजड वाटतंय का, 'च' आणि 'स' तुटक येतायत का, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही. तिसरी गोष्ट डग्गा. मनगट दाबून वादक डग्ग्यावर मींड घेतो तेव्हा सूर खालून वर सरकतो. त्या सरकण्यात मधेच एखादी जागा ढुम्म करून उठली किंवा एखादी गिळली गेली, तर ती खोलीची करामत असते. ती दोन्ही स्पीकरांवर एकाच जागी ऐकू आली तर स्पीकरला दोष देऊ नका.

पहिल्या दिवशी अर्धा तास हे सगळं करा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एकेक पूर्ण जोडी लावून नेहमीसारखं नुसतं ऐकत बसा. कुठल्या जोडीवर हात आवाज कमी करायला गेला, तेवढं लिहून ठेवा.

माहितीपत्रकातल्या आकड्यांचं म्हणाल तर बासच्या आकड्याशी जरा जपून. केईएफ कंपनीचा २०१२ साली आलेला 'एलएस ५०' घ्या. त्याच्या पत्रकात ±३ डेसिबलच्या मर्यादेत ७९ हर्ट्झपासून असं लिहिलेलं आहे, आणि −६ डेसिबलला ४७ हर्ट्झपासून. स्पीकर तोच. या कंपनीने दोन्ही आकडे मर्यादेसकट छापले, ही सचोटी. पण नुसतंच '४७ हर्ट्झ' छापणारी दुसरी कुणी आणि नुसतंच '७९' छापणारी तिसरी कुणी समोरासमोर आली, तर वाचणारा पहिलीच उचलणार. मर्यादा लिहिलेली नसेल तर तो आकडा सोडून द्या. त्यापेक्षा स्वतंत्रपणे मोजलेला आलेख मिळतोय का बघा. सीटीए-२०३४ नावाच्या मानकाप्रमाणे स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या दिशेने दर १० अंशांवर अशी ७० मोजमापं घेतात. त्या आलेखात समोरची रेघ सपाट आणि बाजूच्या रेघा गुळगुळीत उतरत्या असतील तर स्पीकरच्या घडणीत काळजी घेतलेली आहे, मग किंमत काहीही असो.

'ब'कडे माझा कल का, याचं मूळ इथून पुढे. १९५४ साली एडगर विल्चर यांनी हवाबंद खोक्यातली हवाच स्प्रिंगसारखी वापरून छोट्या खोक्यातून खोल बास काढून दाखवला. कपाटात मावणारे स्पीकर घराघरांत आले ते त्यानंतर. पण त्याची किंमत मोजावी लागली ती सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे तेवढ्याच आवाजाला वॅट जास्त. त्याच गोतावळ्यातल्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : खोका लहान, बास खोल, आणि थोड्या वॅटांत भरपूर आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. पैसे ओतून हा नियम मोडत नाही. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला, म्हणजे वूफरच्या पडद्याला, चौपट मागे-पुढे हलावं लागतं, आणि साडेसहा इंची कोन सव्वापाच इंचीच्या दीडपट हवा ढकलतो. 'क'चे जास्तीचे पैसे बहुधा मधल्या पट्टीच्या सफाईत, न थरथरणाऱ्या खोक्यात, चांगल्या क्रॉसओव्हरमध्ये (खालचे-वरचे सूर वाटून देणारं सर्किट) आणि लाकडी फिनिशमध्ये गेलेले असतील. त्यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी ऐकू येतात, मी नाकारत नाही. पण ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून पसंतीचं गणित मांडलं, त्यात बास किती खोल जातो या एका गोष्टीचा वाटा साधारण ३० टक्के निघाला. तिथे 'ब'ला जन्मजात फायदा आहे.

'अ'ची बाजूही ऐका. १९७०च्या दशकात बीबीसीने 'एलएस३/५ए' नावाचा असाच छोटा बंद खोका घडवला, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत जागा नसते म्हणून. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, सेन्सिटिव्हिटी ८३ च्या आसपास, खोल बास जवळजवळ नाहीच. तरी माणसाच्या आवाजाच्या खरेपणासाठी तो आजही नावाजला जातो. तुम्ही मुख्यतः गायन ऐकता, तेव्हा नीट घडवलेला छोटा बंद खोका ही काही तडजोड म्हणता येणार नाही. 'अ'वर तुमच्या ओळखीचं बोलणं खरं वाटलं, तर ती घेऊन पुढे कधी सबवूफर, म्हणजे फक्त खोल बासचा वेगळा स्पीकर, जोडणं हा रास्त मार्ग आहे. फक्त तुमचा अ‍ॅम्प्लिफायर जुना, त्याला सबवूफरची जोडणी आहे का ते आधी बघा.

आता कपाट. स्पीकर कपाटात ठेवूच नयेत असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मी म्हणते ठेवा, पण नीट ठेवा. स्पीकरचा पुढचा चेहरा फळीच्या कडेबरोबर किंवा बोटभर पुढे आणा. आत ढकलला की खण डब्यासारखा घुमतो आणि समोरची फळी आवाज परतवते. दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या पोकळीत पुस्तकं ठासून भरा. खाली रबराचे किंवा जाड नमद्याचे तुकडे द्या, म्हणजे फळी गाऊ लागणार नाही. खोका उभाच ठेवा. फळी उंचीला कमी पडते म्हणून आडवा घातला तर वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा पडदा) शेजारी शेजारी येतात, आणि दोघांचा आवाज जिथे जुळायचा त्या पट्टीत जरा मान हलवली तरी खड्डे ऐकू येतात. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. फळी खाली असेल तर पुढून पाचर देऊन खोका किंचित मागे झुकवा.

पोर्ट पुढे की मागे, याचा बाऊ जरा जास्तच होतो. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. एवढ्या मोठ्या लहरीला भोक कुठल्या तोंडाला आहे याने काही फरक पडत नाही, तोंडाशी हवा ये-जा करायला मोकळी जागा असली की पुरे. मागे चारेक बोटं जागा सुटली नाही तर मात्र 'क' गुदमरेल. खरा फरक पडतो तो अख्खा स्पीकर भिंतीला चिकटल्याने. भिंत बास वाढवते, कपाटातही तेच होतं. मोकळ्या जागेत स्टँडवर ठेवायच्या हिशेबाने घडवलेला स्पीकर कपाटात गदगदतो. तसं झालं तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घालून बघा, बऱ्याच कंपन्या तो बरोबर देतात. आणि खोली मोठी असती, स्पीकर पुढे ओढता आले असते, तर सगळे प्रश्न सुटले असते असंही नाही. स्पीकरचा चेहरा मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असला तर भिंतीवरून परतलेली लहर ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला खोडते. कपाटात बास वाढतो, मोकळ्यात एखादा खड्डा पडतो.

तुमच्या खोलीत ४ मीटरच्या लांबीला ४३ हर्ट्झवर आणि ३ मीटरच्या रुंदीला ५७ वर बास घुमणार. हे कुठलाही स्पीकर टाळू शकत नाही. खुर्ची पाठीमागच्या भिंतीला टेकलेली असेल तर हा घुमारा सगळ्यात जास्त तुमच्याच वाट्याला येतो. ती ५०-६० सेंटिमीटर पुढे ओढा. 'ब' आणि 'क' मधल्या फरकाएवढा फरक या फुकटच्या उपायाने पडलेला मी ऐकलाय.

रात्रीच्या हळू ऐकण्याबद्दल एक आनंदाची गोष्ट. आवाज कमी केला की आपल्या कानाला बास प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. म्हणून दिवसा भरदार वाटणारी जोडी रात्री अशक्त वाटते. तुमच्या वडिलांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असण्याची दाट शक्यता आहे. ते याचसाठी असतं, हळू आवाजात बासला आधार द्यायला. रात्री दाबा, दिवसा मोठ्याने लावाल तेव्हा सोडा. चाचणी घेताना मात्र ते बंद ठेवा.

४० वॅट पुरतील का, ही काळजी नको. खुर्ची अडीच मीटरवर धरली तर ८४ डेसिबलची जोडीसुद्धा एकेका वॅटवर खुर्चीपाशी ८० च्या पुढे आवाज देते. तुमचं ७० डेसिबलच्या आतबाहेरचं ऐकणं वॅटच्या दहाव्या हिश्श्यात भागतं. त्यावर २० डेसिबलची एखादी उसळी आली तरी १० वॅटांच्या आत काम होतं. अडचण आहे ती ओहमची. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अ‍ॅम्प्लिफायरवर भार जास्त. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, स्पीकरच्या जोडांपाशी, किती ओहमपासूनचे स्पीकर चालतात ते छापलेलं असतं. तिथे '६ ते १६' किंवा '८ ते १६' असेल तर ४ ओहमची 'क' त्याच्या प्रकृतीला मानवणारी नाही. पत्रकावर ४ लिहिलेला स्पीकर काही पट्ट्यांत त्याच्याही खाली उतरतो. रात्रीच्या हळू आवाजात निभेल, पण एखाद्या दुपारी मोठ्याने लावलंत तर जुना अ‍ॅम्प्लिफायर तापेल, कदाचित जाईलही. दोन जोड्या एकदम चालू करू नका म्हणाले ते याचसाठी, ६ आणि ४ ओहम एकत्र आले की अ‍ॅम्प्लिफायरला अडीचपेक्षाही कमी दिसतात. तेव्हा 'क'ची किंमत लिहिताना तिच्यापुढे नव्या अ‍ॅम्प्लिफायरची किंमतही लिहा आणि मग पुन्हा 'चौपट' मोजा. मागे '८ ते १६' छापलेलं असेल तर तोच प्रश्न ६ ओहमच्या 'ब'लाही लागू होतो, पण तिथे रात्रीच्या तुमच्या आवाजात धोका किरकोळ आहे.

वायर साधी तांब्याची, १६ गेजची घ्या. तीनेक मीटरला तिचा अडथळा ओहमच्या दहाव्या भागाएवढाही भरत नाही. भारी वायरीवर खर्च करू नका. शंभर तास वाजवल्यावर स्पीकर 'उघडतील' असं कुणी सांगितलं तर परत करायची मुदत त्या भरवशावर जाऊ देऊ नका. त्या काळात बदलतो तो बहुतांशी आपला कान. 'ब' आणि 'क' मधले जे पैसे वाचतील त्यातून समोरच्या फरशीवर जाड गालिचा आणि बाजूच्या उघड्या भिंतीवर घट्ट विणीचा पडदा घ्या. टाळी वाजवल्यावर खोली टणत्कार करते का ते आधी आणि नंतर ऐका.

राहिले वडिलांचे स्पीकर. कृपा करून भंगारात देऊ नका. कडेचा फोम दमट हवेत काही वर्षांनी भुगा होतोच, तो त्या स्पीकरचा शेवट नसतो. फोम बदलता येतो आणि खर्च नव्या जोडीच्या मानाने थोडा येतो. फाटक्या फोमवर वाजवून मात्र बघू नका. कोन एका बाजूला कलतो आणि आतली व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासून निकामी होते. माळ्यावरून काढा, पुढची जाळी उतरवा. दोन्ही अंगठे कोनच्या मध्याच्या दोन बाजूंना सारखे टेकवून अगदी हलकेच आत दाबा आणि कान जवळ न्या. नुसती मऊ हालचाल जाणवली, खरखर आली नाही, तर कॉइल शाबूत आहे. मग ट्वीटरची एक वायर सोडवून त्याच्या टोकांना मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या ट्वीटरला ६ च्या आसपास आकडा दिसायला हवा, काहीच दिसलं नाही तर त्याची तार तुटलेली आहे. क्रॉसओव्हरमधले जुने कपॅसिटर फोम बदलणाऱ्याकडूनच तपासून घ्या. ८ इंची कोन आणि मोठा खोका आहे, हॉफमन यांचा तो नियम इथे तुमच्या बाजूने आहे.

'ब' आणि 'क' घरी आणायच्या आधी हे काम होत असेल तर करून घ्या. तो खोका खणात मावणार नाही. चाचणीपुरता तिन्ही स्पीकरांना कपाटासमोर एका बाकावर ओळीने ठेवा, वडिलांच्या स्पीकरसाठी चिकटपट्टीवर तिसरी खूण करा, आणि बटणापाशी बसणाऱ्याला 'तीन'सुद्धा म्हणायला सांगा.